पायांना ऐकू येणारा सूर

बेस गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे 41 वेळा थरथरते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. भागाकार केला तर त्या सुराची एक लाट 8.3 मीटर लांब निघते. बासरीच्या वरच्या सुराची लाट वीतभर असते, आणि ही एवढी की छोट्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती जेमतेम एकच मावते.

दादर, पार्ले, ठाण्याच्या नाट्यगृहांत जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम होतात. तिथे पडदा उघडण्याच्या दोन-तीन तास आधी डोकावलं तर एक दृश्य हमखास दिसतं. कीबोर्डवाले, ऑक्टोपॅडवाले, तबला-ढोलकीवाले आपापल्या जागी बसून माइक तपासत असतात आणि बेसवाला मात्र गळ्यात गिटार अडकवून, लांबलचक वायर मागे ओढत, रिकाम्या खुर्च्यांमधून फिरत असतो. तार छेडतो, चार पावलं पुढे जातो, पुन्हा तीच तार छेडतो. तो लाटा शोधत असतो. 8.3 मीटर लांबीच्या खोलीत हा खालचा सूर दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर घुमतो, पण भिंतीपासून पाव अंतरावर भिंतींवरून परतलेल्या लाटा एकमेकींना खोडून काढतात आणि तिथे उभ्या माणसाला तो जवळपास ऐकूच येत नाही. गंमत अशी की त्याच जागी पुढच्या तारेचा 55 हर्ट्‌झचा सूर मात्र व्यवस्थित येतो. म्हणजे एकाच गाण्यातले काही सूर एका रांगेत पोचतात आणि काही दुसऱ्या. कोणता सूर कुठे फुगतो आणि कुठे विरतो, हे त्या फेरीत कळतं, मग साउंडवाल्याशी चार गोष्टी बोलून तो स्टेजवर परततो. पुढे प्रेक्षक येऊन बसतात आणि हिशेब पुन्हा बदलतो. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे सूर भरपूर शोषतात, खालचे फारसे नाहीत. दुपारी नेमका लागलेला बेस रात्री जड वाटतो तो त्यामुळे.

या वाद्याच्या वाट्याला अँप आणि पेटाऱ्यांचं एवढं ओझं का, याचं उत्तर आपल्या कानात आहे. हजार हर्ट्‌झचा सूर आपल्याला अगदी अल्प ऊर्जेतही ऐकू येतो. चाळीस हर्ट्‌झचा सूर नुसता जाणवायलाही त्याच्या जवळपास एक लाख पट ऊर्जा लागते. निसर्गाने आपला कान माणसाच्या बोलण्याच्या आसपास तीक्ष्ण ठेवला आणि खालच्या टोकाला तो बोथट होत गेला. ती तूट भरून काढायची ती अँप्लिफायरने आणि मोठ्या स्पीकरच्या पेटाऱ्यांनी. 1969 साली आलेल्या ‘अँपेग एसव्हीटी’ या अँपमध्ये 14 व्हॉल्व्ह होते, ताकद 300 वॉटची आणि वजन जवळपास 38 किलो. त्याच्या जोडीचा आठ स्पीकरचा पेटारा त्याहूनही जड. आज तेवढ्याच ताकदीचा अँप तीन किलोंच्या आत बसतो आणि पाठीवरच्या बॅगेच्या कप्प्यात जातो. पेटारा मात्र फार लहान करता येत नाही, कारण खालच्या सुरासाठी भरपूर हवा हलवावी लागते आणि त्या कामाला अजून तरी पळवाट सापडलेली नाही.

खुद्द बेस गिटारचा जन्मही वाहतुकीच्या त्रासातून झाला. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचं, उभं धरायचं डबल बास करायचं. ते मोटारीत मावायचं नाही आणि ब्रास-ड्रमच्या दणक्यात ऐकूही यायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचे. फिरतीवरच्या वादकांचं हे रडगाणं त्यांच्या कानावर होतं. 1951 साली त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला: गिटारसारखा आडवा, भरीव लाकडाचा, 34 इंची तारांचा, पडदे ठोकलेला, चार-साडेचार किलोंचा. वादक नेमका सूर गाठू शकेल आणि खांद्याला अडकवून पुढच्या गावी जाईल, असा. त्याआधी 1930च्या दशकात सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी विजेवरचा बेस बनवला होता, पण तो रुजला नाही. फेंडरचा बेस मुंबईच्या लोकलमध्येही चढला. संध्याकाळी पाचनंतर मात्र त्याला मालडबाच गाठावा लागतो. आणि मुंबईच्या पावसाळ्यात दार फुगतं तशी या गिटारची मानही हवेतलं पाणी पिऊन वाकते. चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण तिच्यावर अहोरात्र असतोच. म्हणून मानेच्या आत एक पोलादी सळई घातलेली असते आणि जूनमध्ये बेसवाले बारीक पाना घेऊन ती थोडी पिळताना दिसतात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोनवर गाण्यांची यादी येते. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहिलेली: पांढरी चार, काळी एक, पांढरी तीन. यादी आली की बेसवाला मनातल्या मनात सूर लावू लागतो. ऐन वेळी गायिका म्हणते, ‘‘दादा, घसा बसलाय. पांढरी तीन नको, काळी दोन घ्या.’’ पुष्कळ वाद्यांसाठी ही आफत असते. बेसच्या चारही तारा मात्र एकमेकींपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे सा-म अंतरावर, लावलेल्या असतात. त्यामुळे बोटांची ठेवण तीच राहते, अख्खा हात एक पडदा मागे सरकतो आणि गाणं नव्या पट्टीत उभं राहतं. अडचण एकच. पांढरी तीन म्हणजे सगळ्यांत जाड, मोकळ्या तारेचाच सूर. तिच्या मागे सरकायला पडदा नाही! मग चार तारांवरचा वादक षड्ज एक सप्तक वर घेतो, 77.8 हर्ट्‌झवर, आणि सगळं गाणं किंचित हलकं होतं. ज्याच्याकडे पाच तारांचा बेस असतो तो पाचव्या तारेच्या चौथ्या पडद्यावर बोट ठेवतो आणि त्याला 38.9 हर्ट्‌झचा षड्ज मिळतो. गायिकेच्या घशाला आराम पडावा म्हणून केलेला एका पडद्याचा बदल, आणि तळ तिथल्या तिथे राहिला हे सभागृहात कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला या वाद्यातली सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. आपले कान तानपुऱ्यावर वाढलेले आहेत. तानपुऱ्याची खर्जाची तार मैफलभर एकच षड्ज धरून असते. राग कितीही भटकला तरी खालचा सा जागचा हलत नाही, आणि त्या अचल सा-वर प्रत्येक स्वराचा भाव ठरतो. बेस गिटार नेमका हाच तळ हलवते. घरी पेटी असेल तर करून पाहा. उजव्या हाताने सा-ग-प एकत्र धरा. स्वच्छ, उघडं, प्रसन्न वाटेल. आता ते तीन सूर तसेच दाबून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी डाव्या बाजूचा, मंद्रातला शुद्ध धैवत दाबायला सांगा. वरचं काहीही बदललेलं नाही, तरी सगळ्यावर एकदम सावट येतं. आता मंद्र धैवत सोडून मंद्र मध्यम दाबा, पुन्हा वेगळाच भाव. तीन सुरांचा अर्थ त्यांच्या खाली कोण उभं आहे यावर ठरतो आणि तो अर्थ ठरवणारा माणूस स्टेजवर मागे, ड्रमच्या बाजूला, बहुधा अंधारात असतो. गाणारीला टाळी मिळते त्या ओळीत पुष्कळदा काळीज हलवणारी गोष्ट बेसच्या एका पावलाने घडवलेली असते.

हिंदी चित्रपटसंगीताने ही किमया जिवापाड जपली. चाल रागातली, ठेका इथला आणि खाली हलता तळ. त्या तळाची विद्या मुंबईच्या स्टुडिओंत आणण्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा आहे. चर्चच्या शाळांत लहानपणी नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी दिवसा रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवायची. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात बेस गिटारवर टोनी वाझ असत. त्या काळातली गाणी चांगल्या हेडफोनवर, गाणाऱ्या आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून ऐका. खाली एक दुसरी पूर्ण चाल चाललेली सापडते, वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेल्या गाण्यात.

आता ताल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरेल ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक खालचा आणि एक वरचा असे दोन सूर एकाच वेळी, ठरावीक लयीत ऐकवले, आणि अधूनमधून त्यांतला एक सूर फक्त 50 मिलिसेकंद आधी वाजवला. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर दिसलं की वरचा सूर घाईने आला तर मेंदू थोडा दचकतो, खालचा आला तर जास्त. बोटाने ठेका धरायला सांगितला तेव्हा बोटंही खालच्या सुरामागे गेली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्याचं मूळ थेट अंतर्कर्णाच्या रचनेत असावं. म्हणजे चाल वरून ऐकायची आणि वेळ खालून, अशी आपली घडणच आहे. तबल्याचा डग्गा किंवा पखवाजाचा धुमा का हवा असतो, तेही यातून थोडंफार उमगतं.

बेसवाल्याच्या जागेचं कोडंही इथेच सुटतं. 50 मिलिसेकंदांत आवाज सतरा मीटर जातो. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, दहा मीटरवर उभं राहिलं तर ड्रमचा ठोका जवळपास 30 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्याने लय सैल पडायला पुरतं. म्हणून बेसवाला ड्रमच्या हाय-हॅटलगत चिकटून उभा राहतो आणि त्याची नजर ड्रमरच्या उजव्या पायावर असते. बोटांचं काम जवळून पाहिलं तर लक्षात येतं की सूर सुरू करणं हे निम्मंच काम आहे. उजव्या हाताची तर्जनी-मधली बोटं आळीपाळीने तार ओढतात. डावा हात सूर धरतो आणि नेमक्या क्षणी, तारेवरून बोट न उचलता, नुसता दाब काढून तो सूर थांबवतो. सूर कुठे संपला यावर पाय उचलला जातो की घसटतो, ते ठरतं.

डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन तर एकट्या तर्जनीने वाजवायचे. दिवसा ‘मोटाउन’ कंपनीच्या तळघरासारख्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, रात्री शहरातल्या क्लबांत. त्यांच्या 1962च्या फेंडरच्या तारा ते बदलत नसत, आणि तार फार घुमू नये म्हणून ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा कोंबलेला असायचा. 1960च्या दशकात अमेरिकाभर गाजलेल्या ढीगभर गाण्यांवर बेस त्यांचा आहे, पण ‘मोटाउन’च्या मोठ्या रेकॉर्डवर त्यांचं नाव छापलं गेलं ते थेट 1971 साली, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर.

खालच्या सुराची आणखी एक खोड शेजारपाजारच्यांना चांगली ठाऊक आहे. भिंत वरचे सूर अडवते, खालच्यांना पुष्कळसं जाऊ देते. गणपतीत दोन गल्ल्या पलीकडचं गाणं कोणतं ते कळत नाही, नुसतं धम-धम कळतं, ते यामुळे. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायला लावणारा नियम 2000 सालापासून देशभर आहे, आणि सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सूट सोडली तर बेसवाल्याचं घड्याळ त्यावर चालतं. मोबाइलचं मात्र बरोबर उलटं. त्याचा चिमुकला स्पीकर 41 हर्ट्‌झ काढूच शकत नाही. तरी फोनवर आपल्याला बेस ‘ऐकू’ येतो! त्या तारेतून मूळ सुराबरोबर 82, 123, 164 हर्ट्‌झ अशी त्याच्या पटींची ओळ निघत असते. फोनमधून त्यांतले वरचे तेवढे बाहेर पडतात, मेंदू त्यांच्यातलं सारखं अंतर हेरतो आणि नसलेला तळाचा सूर स्वतःच भरून काढतो.

मॅकमास्टरच्याच एका सभागृहात आणखी एक प्रयोग झाला, तो 2022 साली प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या खऱ्या कार्यक्रमात खास स्पीकर लावून 8 ते 37 हर्ट्‌झचा, कानाला जाणवणार नाही असा आवाज दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केला. प्रेक्षकांच्या डोक्याला हालचाल टिपणारे पट्टे होते. तो आवाज चालू असताना लोक सरासरी 11.8 टक्के जास्त नाचले, आणि तो कधी चालू होता ते त्यांना सांगता येत नव्हतं. पाचव्या तारेचा मोकळा सूर 30.9 हर्ट्‌झचा, म्हणजे बरोबर या पट्ट्यात बसणारा. नाट्यगृहाचे सब-वूफर दमदार असतील तर कसलेला बेसवाला कार्यक्रमभर ती तार जपून वापरतो. शेवटचं नाचाचं गाणं पांढरी तीनमध्ये निघालं की तो ड्रमरकडे बघतो आणि शेवटच्या मुखड्याच्या आधीच्या मात्रेला मंद्रातला पंचम म्हणून ती मोकळी सोडतो. तो पंचम षड्जावर येऊन टेकेपर्यंत बाल्कनीतली मंडळी उभी राहिलेली असतात.