अर्थशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंधांतील एकात्मिक पदवी अभ्यासक्रम

अर्थशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंधांतील एकात्मिक पदवी अभ्यासक्रम म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर पदवी या दोन्ही स्तरांवरील शिक्षण एकाच सलग आराखड्यात देणारा अभ्यासक्रम होय. त्यात अर्थशास्त्राच्या पायावर देशादेशांतील राजकीय, व्यापारी व कायदेशीर संबंधांचे अध्ययन केले जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे अभ्यासक्रम बहुधा पाच वर्षांचे असतात. तेथे चार वर्षांची पदवी व दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी स्वतंत्रपणे घेतल्यास सहा वर्षे लागतात.

विषयांची सांगड

परराष्ट्र व्यवहारातील अनेक प्रश्न मुळात आर्थिक असतात आणि अनेक आर्थिक निर्णयांचे पडसाद परराष्ट्र संबंधांत उमटतात. सप्टेंबर २०१९ मध्ये भारत सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. देशातील भाववाढ रोखणे हा तिचा हेतू होता. तिची झळ नाशिक जिल्ह्यातील उत्पादकांना बसली, तशीच भारतीय कांद्यावर अवलंबून असलेल्या बांगलादेशालाही बसली. पुढच्याच महिन्यात दिल्लीभेटीवर आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी या बंदीचा जाहीर उल्लेख केला. मागणी व पुरवठ्याचे नियम जाणणाऱ्यास या घटनेची एक बाजू कळते आणि शेजारी राष्ट्रांचे संबंध जाणणाऱ्यास दुसरी. दोन्ही बाजू एकत्रितपणे पाहण्याची दृष्टी देणे हा या अभ्यासक्रमाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय संबंध हा विद्यापीठीय अध्ययनाचा स्वतंत्र विषय बनला. १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन स्थापन झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात परराष्ट्र सेवेचे विद्यालय सुरू झाले. जिनिव्हा येथे १९२७ मध्ये याच विषयाची पदव्युत्तर संस्था स्थापन झाली.

या विषयाशी अर्थशास्त्राचे नाते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अधिक दृढ झाले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्थांचा पाया तेथे घातला गेला. विनिमय दरासारखा तांत्रिक विषय तेथे वाटाघाटींचा विषय झाला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा समावेश होता.

त्यापूर्वीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर संशोधन केले होते. ते १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एखाद्या देशाच्या चलनाचा प्रश्न त्याच्या राजकीय पारतंत्र्यापासून वेगळा काढता येत नाही, हे त्या काळातील रुपयाच्या इतिहासावरून दिसते.

अभ्यासक्रमाची रचना

पहिल्या दोन वर्षांत सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, जागतिक इतिहास व राज्यशास्त्र या विषयांचा पाया घातला जातो. बहुतेक ठिकाणी एक परकीय भाषाही शिकावी लागते. तिसऱ्या वर्षी किंवा त्याच्या आसपास विद्यार्थी पदव्युत्तर भागासाठी अर्ज करतो. हा प्रवेश सहसा आपोआप मिळत नाही. त्यासाठी आधीच्या वर्षांतील गुण, शिफारसपत्रे व अभ्यासाचा उद्देश पाहिला जातो.

अखेरच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सिद्धान्त, व्यवहारतोल, विनिमय दर, विकासाचे अर्थशास्त्र, अर्थमिती, आंतरराष्ट्रीय कायदा व सुरक्षाविषयक धोरण हे विषय येतात. शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प सादर करावा लागतो.

श्रेयांकांची गणना

एक वर्ष वाचते ते मुख्यतः श्रेयांकांच्या गणनेमुळे. अमेरिकेत पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक लागतात. समजा, पदव्युत्तर पदवीसाठी ३६ श्रेयांक आवश्यक आहेत. तर दोन्ही पदव्या स्वतंत्रपणे घेतल्यास १५६ श्रेयांक होतात. विद्यापीठाने १२ श्रेयांक दोन्ही पदव्यांसाठी ग्राह्य धरल्यास ही संख्या १४४ वर येते. उरलेला भार उन्हाळी सत्रांत किंवा प्रत्येक सत्रात अधिक विषय घेऊन उचलावा लागतो. म्हणजे कालावधी एक वर्षाने कमी झाला, तरी अभ्यास त्या प्रमाणात कमी होत नाही. एकूण शुल्कातील बचतही पाचव्या वर्षाच्या शुल्कावर व शिष्यवृत्तीच्या नियमांवर अवलंबून असते. पदवीच्या विद्यार्थ्यास मिळणारे साहाय्य पदव्युत्तर वर्षात बंद होऊ शकते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ

या प्रकारच्या शिक्षणाचे परिचित उदाहरण म्हणजे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. या विद्यापीठाचे प्रगत आंतरराष्ट्रीय अध्ययन विद्यालय पॉल नित्झे व ख्रिश्चन हर्टर यांनी १९४३ मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन केले. १९५० मध्ये ते विद्यापीठाचा भाग झाले. १९५५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे आणि १९८६ मध्ये चीनमधील नानजिंग येथे त्याची केंद्रे उभी राहिली. बाल्टिमोर येथे आंतरराष्ट्रीय अध्ययन या विषयात पदवी घेणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना सलग पुढे या विद्यालयाची पदव्युत्तर पदवी घेता येते. आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रावरील भर हे या विद्यालयाचे वैशिष्ट्य मानले जाते.

युरोप व भारत

युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर पदवी व पदव्युत्तर शिक्षण हे दोन स्वतंत्र टप्पे सर्वत्र रूढ होत गेले. पदवीची तीन व पुढील दोन वर्षे ही रचना तेथे प्रचलित आहे. त्यामुळे पहिल्या टप्प्यानंतर विद्यापीठ किंवा देश बदलणे सोपे जाते.

भारतात पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम काही केंद्रीय विद्यापीठांत व संस्थांत आहेत. हैदराबाद विद्यापीठात अर्थशास्त्राचा असा अभ्यासक्रम चालतो. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आपल्या नावातच या दोन विषयांची जोड दाखवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी, तसेच पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, असे दोन्ही मार्ग खुले झाले आहेत.

लाभ व मर्यादा

परराष्ट्र सेवा, मध्यवर्ती बँका, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था, संशोधन संस्था व पत्रकारिता या क्षेत्रांत या शिक्षणाचा उपयोग होतो. काही ठिकाणी पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा स्वतंत्र स्पर्धा करावी लागत नाही, हाही लाभ आहे.

मात्र एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पुढील वाटचालीचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. अभ्यास मध्येच थांबवल्यास पदवी मिळते की नाही, याचे नियम सर्वत्र सारखे नसतात. काही ठिकाणी चौथ्या वर्षाअखेर पदवी दिली जाते, तर काही ठिकाणी दोन्ही पदव्या अखेरीसच मिळतात. दुसऱ्या पद्धतीत आजारपण किंवा आर्थिक अडचणीमुळे शिक्षण तुटल्यास मोठे नुकसान होऊ शकते.

पदवीपत्रावरील विषयाचे नावही महत्त्वाचे ठरते. भारतीय परराष्ट्र सेवेसाठी कोणत्याही मान्यताप्राप्त विषयातील पदवी पुरेशी असते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेसाठी मात्र अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. अर्थशास्त्राचे अनेक विषय शिकूनही केवळ आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नावाची पदव्युत्तर पदवी मिळाल्यास उमेदवाराच्या पात्रतेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. परदेशी पदवी असल्यास तिची समकक्षताही पाहिली जाते. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी पदवीचे नेमके नाव, मधल्या टप्प्यावर बाहेर पडण्याचे नियम आणि पाचव्या वर्षाचा खर्च या तीन बाबींची विद्यापीठाकडून लेखी माहिती घेणे उपयुक्त ठरते.