अमेरिकेत डॉक्टर होताना – भाग ६ : अर्धवेळ काम कोणतं धरावं?

मागच्या आठवड्यात आपण मेडिकल स्कूलच्या प्रवेशासाठीची एमकॅट परीक्षा पाहिली. भारतात बारावी आणि नीट झाली की एमबीबीएस सुरू होतं. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल स्कूल. अनेक जण मध्ये एखादं वर्ष मोकळंही ठेवतात. या काळात उमेदवार रुग्णांजवळ किती राहिला, हे प्रवेश समित्या बारकाईने बघतात. त्यामुळे इथल्या मराठी घरांमध्येही कामाचा विषय निघतोच.

पहिली पसंती बहुधा स्क्राइबला मिळते. डॉक्टर तपासत असताना शेजारी बसून संगणकावर नोंदी करायच्या. पोटदुखीच्या रुग्णाला डॉक्टर आधी काय विचारतात, कोणती शंका लगेच खोडून काढतात, हे ऐकायला मिळतं. पण पगार बेताचा आणि रुग्णाशी बोलायची संधी जवळजवळ नाही. शिवाय संभाषण ऐकून आपोआप टिपण लिहिणाऱ्या एआय प्रणाली आता दवाखान्यांत आल्या आहेत.

ईएमटी, म्हणजे अँब्युलन्सवरचा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हटलं की सायरन आठवतो. खासगी अँब्युलन्स कंपन्यांत मात्र बराच वेळ रुग्णांची ने-आण करण्यात जातो, त्यातही डायलिसिसचे रुग्ण पुष्कळ. मुलं यावर हिरमुसतात. मला हे काम मोलाचं वाटतं. आठवड्यातून तीनदा तोच माणूस भेटतो आणि जुनाट आजार घरादाराला कसा थकवतो, ते दिसतं.

माझी स्वतःची पसंती सीएनएला, म्हणजे प्रमाणित नर्सिंग सहायकाच्या कामाला आहे. केंद्रीय नियमाप्रमाणे प्रशिक्षण किमान ७५ तासांचं, कॅलिफोर्नियात १६० तासांचं. नर्सिंग होमने आधी नोकरीवर घेऊन प्रशिक्षणाला बसवलं, तर त्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. काम अंगमेहनतीचं. अंघोळ घालायची, घास भरवायचा, बेडपॅन द्यायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलायची. इथेच आईवडील अडतात. एवढं शिकून आमची मुलगी म्हाताऱ्यांचे डायपर बदलणार का, असं विचारतात. हो, बदलावेत. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना अंघोळीला राजी करताना जो धीर लागतो, तो प्रयोगशाळेत शिकता येत नाही. पुढे ज्या सहायकांच्या भरवशावर डॉक्टरला वॉर्ड चालवायचा असतो, त्यांचे कष्टही तेव्हाच कळतात. आणि हे काम आपल्याला झेपत नाही असं कोणाला वाटलं, तर ते लाखो डॉलरचं कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं.

घरखर्चासाठी हॉटेलात किंवा दुकानात काम करावं लागत असेल, तर ते अर्जात जरूर लिहावं, लपवू नये. मेडिकल स्कूलच्या (एमडी) सामायिक अर्जात एकूण १५ अनुभव नोंदवता येतात. प्रत्येकाला ७०० अक्षरांची जागा. त्यांतल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या अनुभवांसाठी आणखी १३२५ अक्षरं मिळतात. चार ठिकाणी महिना-महिना डोकावलेल्याला ही जागा भरणं जड जातं, एकाच ठिकाणी वर्षभर टिकलेल्याला ती अपुरी पडते.

नोकरीच्या मुलाखतीत एक गोष्ट मोकळेपणी विचारा : एमकॅटच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत पाळ्या कमी करून मिळतील का? बऱ्याच रुग्णालयांत ‘पर डिएम’ जागा असतात, म्हणजे जमेल तेव्हाच्या पाळ्या घ्यायच्या. अशा जागेत सहसा आरोग्यविमा नसतो, पण अभ्यासासाठी ती सोयीची. कामाच्या तासांपायी गुण घसरू लागले, तर तास कमी करा. अर्जात आधी गुणच पाहिले जातात.

प्रशिक्षण, परवान्याची परीक्षा, लसींच्या नोंदी, क्षयरोगाची चाचणी आणि पार्श्वभूमीची तपासणी यांत काही महिने सहज निघून जातात. अर्ज मे-जूनमध्ये भरायचे असतात आणि बहुतेक कॉलेजं ते येतील तसे वाचू लागतात. पुढच्या उन्हाळ्यात अर्ज करणार असाल, तर कामाची चौकशी याच आठवड्यात सुरू करा.

(पुढील भागात : शिफारसपत्रं कोणाकडून घ्यावीत?)