प्रवाशाचे ओझे आणि छायाचित्राची निवड

बरोबर काय घ्यावे आणि मागे काय ठेवावे, हा प्रश्न कोणत्याही प्रवाशाला पडतोच. छायाचित्रकाराला तो दोनदा पडतो. एकदा घर सोडताना सामानाविषयी आणि दुसऱ्यांदा परतताना चित्रांविषयी. गेल्या दीडशे वर्षांत यंत्रविद्येने पहिल्या प्रश्नाचा भार पुष्कळ हलका केला. दुसऱ्याचा मात्र वाढवून ठेवला आहे.

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली हिंदुस्थानात आला. त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा चिकट द्राव पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. काच वाळली की निकामी झाली! म्हणून जेथे चित्र घ्यायचे तेथेच अंधारी राहुटी ठोकून ते धुवावे लागे. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, राहुटी हे सारे हमालांच्या पाठीवरून हिमालय चढे. १८६६ साली बोर्नने १८ हजार फुटांहून उंच असलेल्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. त्या चित्रांवर नाव बोर्नचे लागले. ओझे वाहणारे अनामच राहिले. एवढ्या खटाटोपामुळे एकही काच सहजासहजी खर्ची पडत नसे. डोळा आधी पुष्कळ पाही, मगच हात हले.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखवला. काचा आगाऊ तयार ठेवता येऊ लागल्या, त्या धुण्याचीही घाई उरली नाही. राहुटी सुटली, काचेचे वजन मात्र सुटले नाही.

त्या वजनाचा हिशेब १९१५ साली अंटार्क्टिक खंडालगतच्या वेडेल समुद्रात करावा लागला. अर्नेस्ट शॅकलटनचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात अडकून चिरडले गेले आणि २८ माणसांना हिमखंडावर उतरावे लागले. त्यांत फ्रँक हर्ली हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार होता. त्याच्या काचा डाक लावून बंद केलेल्या डब्यांत, जहाजाच्या पाणी भरलेल्या भागात राहिल्या होत्या. हर्लीने अंगावरचे कपडे उतरवले, त्या बर्फाळ पाण्यात बुडी मारली आणि डबे वर काढले.

परंतु पुढचा प्रवास लहान होड्यांतून व्हावयाचा होता. तेथे अन्नाच्या वजनाशी काचेच्या वजनाची स्पर्धा होती. शॅकलटन आणि हर्ली बर्फावर बसून एकेक काच पाहू लागले. सुमारे १२० काचा ठेवल्या. सुमारे ४०० तेथेच फोडून टाकल्या. पुन्हा मोह होऊ नये म्हणून फोडल्या! मोठे कॅमेरेही मागे राहिले. हर्लीजवळ उरला एक खिशात मावणारा कोडॅक कॅमेरा आणि फिल्मची तीन रिळे. पुढे एलिफंट बेटावर २२ जण सुटकेची वाट पाहत राहिले, ती सुटका ३० ऑगस्ट १९१६ रोजी झाली. त्या महिन्यांतील छायाचित्रे याच तीन रिळांवरची आहेत.

खिशातल्या त्या कॅमेऱ्यामागे जॉर्ज ईस्टमनची कल्पना होती. त्याने १८८८ साली गुंडाळलेल्या फिल्मवर १०० चित्रे घेणारा कॅमेरा विक्रीस आणला होता. फिल्मने काचेला निवृत्त केले. पुढे १९७५ साली, ईस्टमनच्याच कंपनीत, स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चित्र टिपणारे यंत्र जुळवले. त्याचे एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत आणि त्यात अवघे १० हजार बिंदू असत. आज खिशातला फोन कोट्यवधी बिंदूंचे चित्र निमिषार्धात टिपतो. हमाल नको, राहुटी नको, रीळ संपण्याची धास्ती नको.

यात लाभ निःसंशय आहे. ज्यांना कॅमेऱ्याला हात लावणेही परवडत नव्हते, ती माणसे आज आपला प्रवास आपल्या डोळ्यांनी टिपतात. परंतु पूर्वी निम्मी निवड सामानच करून देई. आठवड्याच्या सहलीत हजार चित्रे जमतात आणि त्यांतली बहुतेक पुन्हा कोणी उघडूनही पाहत नाही. हर्लीने राखलेल्या काचा शंभर वर्षांनंतरही पाहिल्या जातात. आता फोडायला काच नाही. तरी मुक्कामावर दिवा मालवण्यापूर्वी दिवसाची चार चित्रे निवडून बाकीची पुसून टाकण्याचे काम प्रवाशालाच करावे लागते. यंत्राने ओझे उतरवले आहे, ही निवड त्याने माणसाकडेच ठेवली आहे.