कान ठीक, तरी मूल ऐकत का नाही?

अम्मी सांगते, "दूध आण, कोथिंबीर आण आणि येताना खालाकडून डबा घे." पोरगं फक्त दूध घेऊन येतं. शाळेत बाई म्हणतात, लक्ष नाही. मकतबमध्ये उस्तादांचीही तीच तक्रार. कान तपासले तर रिपोर्ट नॉर्मल. मग सगळे मिळून ठरवतात, मूल आळशी आहे. आम्हाला वाटतं, असं ठरवण्याआधी एक शक्यता बघायला हवी.

आवाज कानात शिरतो, पण त्याचा अर्थ मेंदू लावतो. काही मुलांचे कान चांगले असतात, मात्र गोंगाटातून नेमके शब्द वेगळे करणं मेंदूला जड जातं. याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणतात. कानाची नेहमीची तपासणी शांत खोलीत होते, म्हणून त्यात हा त्रास दिसत नाही. पण टीव्ही चालू असला किंवा मकतबमध्ये सगळी मुलं एकदम मोठ्याने सबक म्हणू लागली, की याच मुलाचे शब्द हरवतात. ते सारखं "काय?" विचारतं, मिळतेजुळते शब्द गोंधळतं, लांबलचक सूचना अर्धीच धरतं.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी नाही ना, हे बघून घ्या. मग ऑडिओलॉजिस्टकडे जा. या खास चाचण्या साधारण 7 वर्षांनंतर होतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाक् आणि श्रवणदोषांवर काम करणारी सरकारी संस्था आहे. लक्ष न लागणं किंवा भाषा उशिरा येणं यांचीही लक्षणं अशीच दिसतात, त्यामुळे निदान घरच्या घरी करू नका. घरी उर्दू किंवा कोकणी आणि शाळेत मराठी, यामुळे हा त्रास होत नाही. पण मुलाला कोणती भाषा जास्त येते, ते तपासणाऱ्याला जरूर सांगा.

तोवर घरी एवढं करा. टीव्ही बंद करा, मुलाच्या समोर या, नावाने हाक मारा, एका वेळी एकच काम सांगा आणि "मी काय सांगितलं?" असं प्रेमाने विचारा. बाईंना आणि उस्तादांना भेटून पुढे, त्यांच्याजवळ बसवायला सांगा.

आणि कानाखाली मारू तर कधीच नका. त्याने कानाचा पडदा फाटू शकतो. मग आज चांगला असलेला कानही जायचा.