चिनी घरातले जेवण आणि मिठाचा डबा

‘डॉक्टर, बीपीच्या माणसाला चायनीज चालतं का?’ हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एस.टी. स्टँडजवळची गाडी, लालभडक मंचुरियन आणि तेलाने चमकणारे नूडल्स असतात. त्या गाडीबद्दल माझे उत्तर ‘नको’ असेच आहे. पण ते मंचुरियन आपल्याच मुंबईत जन्माला आले. चीनमधल्या घरात ते कोणी ओळखणारही नाही. चिनी माणूस रोज घरी काय जेवतो आणि कसा जेवतो, हे मला एकदा जवळून पाहायला मिळाले. त्यातून एक गोष्ट मी उशिरा शिकलो. ती सांगण्यासाठी आजचा लेख.

माझी पुतणी चीनच्या हेबेई प्रांतात, शिजियाझुआंग शहरात वैद्यकीचे शिक्षण घेत होती. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस मी दहा दिवस तिच्याकडे गेलो. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी याच शहरात आहे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, याच प्रांतातल्या एका खेड्यात वारले. त्या समाधीपुढे हात जोडावेत ही फार दिवसांची इच्छा पुरी झाली. दुसऱ्या दिवशी पुतणीच्या एका शिक्षिकेने ‘कोटणिसांच्या गावाकडचे डॉक्टर’ म्हणून मला घरी जेवायला बोलावले. शिक्षिका, तिचा नवरा, शाळकरी मुलगा आणि तिचे आईवडील असे पाच माणसांचे घर. पुढे दहा दिवसांत मी तेथे चार वेळा जेवलो.

भाकरी आणि कोरड्यास

चिनी जेवणाचे दोन भाग असतात. एक ‘फान’, म्हणजे पोटाला आधार देणारे धान्य. दुसरा ‘त्साय’, म्हणजे त्याबरोबर खायचे भाजीपाला, मांस, मासे वगैरे. आपल्याकडे भाकरी आणि कोरड्यास म्हणतात तसेच. दक्षिण चीनमध्ये फान म्हणजे भात. उत्तरेकडे, जेथे मी होतो तेथे, गव्हाच्या पिठाचे वाफवलेले पांढरे गोळे, नूडल्स आणि राळ्याची पातळ पेज. होय, आपल्या आजीच्या काळातले राळेच! याच प्रांतात त्सिशान येथील उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची धान्याची पेवे सापडली आणि त्यांत राळ्यासारखी भरडधान्ये होती. आपण जे धान्य विसरलो ते तेथे आजही आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि रोज सकाळी घरातल्या सर्वांना देतात.

मी मांस खात नाही, अंडे खातो, हे पुतणीने आधीच कळवले होते. टेबलाच्या मध्यभागी पाच-सहा ताटल्या आल्या. टोमॅटो घालून परतलेली अंडी, व्हिनेगर घातलेली बटाट्याची बारीक कातळी, ठेचलेली काकडी आणि लसूण, चिनी कोबी, टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर. घरच्यांसाठी एका ताटलीत डुकराचे मांस होते; पण तेही पातळ काप करून ढोबळी मिरचीत मिसळलेले. सुरी तेथे टेबलावर येत नाही. सगळे चिरणे स्वयंपाकघरातच होते, कारण जेवायचे ते दोन काड्यांनी. बारीक चिरलेली भाजी मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटांत परतून होते. तिचा रंग आणि कुरकुरीतपणा टिकतो. जळणाची बचत हा या पद्धतीचा जुना फायदा. भाजी फार वेळ न शिजवल्याने काही जीवनसत्त्वेही वाचतात.

पाणी मात्र गरम. चिनी माणूस थंड पाणी सहसा पीत नाही. उकळलेले पाणी पिण्याचा प्रचार तेथे १९५२ पासूनच्या देशव्यापी आरोग्य मोहिमेत जोराने झाला. आजही रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि प्रवासी स्वतःची बाटली घेऊन त्यापुढे रांग लावतात. गरम पाण्याने चरबी वितळते वगैरे म्हणतात त्यात तथ्य नाही. उकळल्याने जंतू मरतात, हा मात्र खरा आणि पुरेसा लाभ आहे. चहाही दुधासाखरेविना, बहुधा मोगऱ्यासारख्या फुलांचा वास दिलेला. दिवसात सहा पेले झाले तरी पोटात साखरेचा कण नाही.

आजी नातवाला सारखे काहीतरी सांगत होत्या. पुतणीने अर्थ सांगितला, ‘पोट दहा भाग असेल तर सातच भाग भर.’ आपल्या आयुर्वेदाने पोटाचे चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला दिला आणि एक रिकामा ठेवायला सांगितला. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे हिशेब जुळतात. तरुण मात्र दोन्हीकडे ऐकत नाहीत.

सगळेच गोडवे नकोत

चिनी आहार म्हणजे आरोग्याची खाण, असा समज कृपया करून घेऊ नका. रस्त्यावर सकाळी सोयाबीनच्या दुधाबरोबर तेलात तळलेल्या हातभर लांब काड्या खाल्ल्या जातात. पांढरा तांदूळ आणि मैदा भरपूर. शहरांतून चालणे कमी झाले, बाहेरचे खाणे वाढले. आज जगात मधुमेही माणसे सर्वांत जास्त चीनमध्ये आहेत. २०२१ च्या अंदाजाप्रमाणे सुमारे १४ कोटी. त्याखालोखाल आपला नंबर. सर्वांनी आपल्या काड्या एकाच ताटलीत घालण्याने काही जंतू एकमेकांकडे जाऊ शकतात, म्हणून हल्ली वाढण्यासाठी वेगळ्या काड्या ठेवा असे सांगितले जाते. शिक्षिकेच्या घरी त्या होत्या.

पण उत्तर चीनचा खरा शत्रू मीठ. थंडी कडाक्याची, पूर्वी हिवाळ्यात ताजी भाजी मिळत नसे. म्हणून मुळा, कोबी, मोहरीची पाने मिठात मुरवून बरण्या भरायच्या. त्यात भर सोया सॉसची. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मीठ असू शकते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. चीनमध्ये काय आणि आपल्याकडे काय, पोटात जाते ते याच्या दीडपट ते दुप्पट. त्यातून रक्तदाब, आणि रक्तदाबातून अर्धांगवायू.

या घरातल्या आजोबांना चार वर्षांपूर्वी तोच झाला होता. डावा हात लुळा पडलेला. चिनी माणूस डाव्या हातात वाडगा उचलून जेवतो. आजोबांना ते जमत नव्हते. म्हणून त्यांच्या वाडग्याखाली ओल्या फडक्याची घडी होती, वाडगा सरकू नये म्हणून. सर्वांत आधी काड्या उचलल्या त्यांनी. मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय कोणी खात नाही. मग मुलीने, जावयाने, नातवाने आळीपाळीने मधल्या ताटल्यांतला चांगला तुकडा त्यांच्या वाडग्यात ठेवला.

मी डॉक्टरी सवयीने विचारले, ‘यांचे अळणी जेवण कोणते?’

आजींना प्रश्नच कळेना. पुतणीने दोनदा समजावले. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ताटल्या सगळ्यांच्या मध्ये असतात. एकट्याचे वेगळे कसे करणार? घरातलेच मीठ कमी केले.’ त्यांनी ओट्यावरचा दोन ग्रॅम मापाचा छोटा चमचा आणून दाखवला. लोणच्याची बरणी टेबलावरून उठून गॅलरीत गेली होती. पहिले दोन महिने सगळे बेचव लागले, नातू रुसून बसला, मग जिभांना सवय झाली.

माझ्या वडिलांचे ताट

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या वडिलांना १९९४ साली अर्धांगवायू झाला. मी नुकताच दवाखाना थाटला होता. गोळ्या वेळेवर दिल्या, रक्तदाब वहीत लिहिला आणि आईला सांगितले, ‘यांना अळणी दे.’ आई त्यांच्यापुरते वेगळे शिजवू लागली. ओसरीवर खाटेपाशी त्यांचे ताट जाई. आम्ही सगळे आत शेंगाचटणी, पापड, लोणचे घेऊन जेवायचो. वास बाहेर जायचा. वडील दोन घास खाऊन ताट सरकवत. आईला ते बघवत नसे. मग ती पदराआड लोणच्याची फोड नेऊन देई. मी पाहिले होते आणि एकदा आईवर ओरडलोही होतो. तीन वर्षांनी दुसरा झटका आला, त्यात ते गेले.

मीठ कमी असते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण सहा माणसांच्या घरात एकट्या आजाऱ्याने पथ्य पाळावे, हा माझा सल्लाच चुकीचा होता, हे मला परक्या घरच्या टेबलावर कळले.

मी परतल्यावर, २०२१ साली, याला बळ देणारे मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. हेबेईसह उत्तर चीनमधल्या पाच प्रांतांतली ६०० खेडी आणि सुमारे २१ हजार माणसे त्यात होती. बहुतेकांना आधी अर्धांगवायू झालेला, बाकीचे साठीपुढचे, रक्तदाब असलेले. निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले. ते एकट्या रुग्णाला न देता साऱ्या घराच्या स्वयंपाकाला पुरेल इतके दिले. सुमारे पाच वर्षांत त्या खेड्यांत अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाचा विचार करण्यास सुचवले आहे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांसाठीही त्याची शिफारस नाही.

आपण काय करावे?

मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो मीठ ही कमाल मर्यादा, आणि त्यातच लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही धरायचे. पिशवी किती दिवसांत संपते ते पाहिले की आपला हिशेब आपल्यालाच कळेल. सैंधव किंवा काळे मीठ घेतल्याने सुटका नाही, तेही मीठच. ताटात वरून मीठ वाढणे बंद करा. लिंबू, चिंच, लसूण, कोथिंबीर, जिरे यांनी चव सांभाळता येते. मीठ एकदम न तोडता दर पंधरवड्याला थोडे थोडे कमी करा. दोन-तीन महिन्यांत जीभ वळते. आणि लोणच्याची बरणी हाताशी ठेवू नका.

एवढे सगळ्यांनी मिळून करा. तुमच्या घरी कोणाचे अळणी ताट वेगळे, बाहेरच्या खोलीत जात असेल, तर आज रात्री ते पंगतीत आणा आणि त्यांच्या ताटात जे वाढाल तेच स्वतःच्या ताटात घ्या. मला हे कळायला पंचवीस वर्षे लागली.