वजन उतरवावे, पण बेताने

लग्नसराई जवळ आली की केवळ सूप वा फळांच्या रसावर राहून आठवड्यात चार-पाच किलो वजन उतरविण्याचे प्रयोग अनेक घरांत सुरू होतात. काटा झपाट्याने खाली येतो खरा. परंतु आरंभी घटते ते मुख्यत्वे पाणी. यकृत व स्नायूंत साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. उपासमारीत हा साठा सरताच तेही निघून जाते. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शरीराचा ऊर्जाव्यय मंदावतो आणि पूर्ववत जेवू लागताच वजन पुन्हा वाढते. पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही बळावतो.

यास्तव आठवड्यास अर्धा ते एक किलो हीच सुरक्षित मर्यादा मानावी. भात-पोळी थोडी कमी करून डाळ, उसळ, कोशिंबीर यांचे प्रमाण वाढवावे. गोड व तळलेले पदार्थ मोजकेच घ्यावेत. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर आहार घटविल्याने एकाएकी उतरू शकते. त्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जो आहार वर्षानुवर्षे निभावता येईल, त्यानेच उतरलेले वजन टिकते.