पाळणे रिकामे, पेन्शनचा भार वाढता
एका स्त्रीला तिच्या प्रजननक्षम आयुष्यात सरासरी किती अपत्ये होतील हे सांगणाऱ्या आकड्याला लोकसंख्याशास्त्रात ‘एकूण प्रजनन दर’ म्हणतात, आणि स्थलांतराविना लोकसंख्या पिढ्यानपिढ्या स्थिर राहायची तर तो साधारण २.१ असावा लागतो. इटलीत १९६४ मध्ये दहा लाखांहून अधिक बालके जन्मली होती. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे ३ लाख ८० हजारांवर आली आणि हा दर १.२ इतका खाली गेला. नोकरीतील अनिश्चितता, पाळणाघरांची कमतरता आणि लांबणीवर पडणारे मातृत्व ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात. शिवाय पूर्वी मुलीच कमी जन्मल्यामुळे आज संभाव्य मातांची संख्या घटलेली आहे, म्हणून प्रजनन दर उद्या वाढला तरी जन्मसंख्या लगेच सावरत नाही. या परिणामाला ‘लोकसंख्येचा नकारात्मक संवेग’ म्हणतात. तेथील निवृत्तिवेतन मुख्यतः आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून दिले जात असल्याने कमावते हात घटले की उरलेल्यांवरील भार वाढतो. स्थलांतरित कामगार ही तूट अंशतः भरून काढतात, परंतु कालांतराने तेही वृद्ध होतात. २०२३ मध्ये युरोपीय संघातील एकाही सदस्य देशाचा प्रजनन दर २.१ पर्यंत पोहोचलेला नव्हता.